ज्वारीचा केक

मी केक चांगला करतो. हे मी आता कुणालाही, कुणी विचारलेलं नसताना सांगतो. ऑफिसात सांगून झालंय, सोसायटीच्या लिफ्टमध्ये सांगून झालंय, एकदा तर दातांच्या डॉक्टरांना तोंडात कापूस असताना सांगायचा प्रयत्न केला. बायको म्हणते, आता पुरे. पुरे का म्हणून? तीन वर्षं मी जे काही भांड्यातून बाहेर काढलं, ते तिनंच पाहिलंय.

आमच्या मुलीला गहू चालत नाही. चालत नाही म्हणजे अजिबात नाही. ती अडीच वर्षांची असताना पोट फुगायचं, वजन वाढत नव्हतं, सारखी चिडचिड करायची. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की गहू, मैदा, रवा, शेवया सगळं बंद, जन्मभर. चिमूटभर पोटात गेलं तरी चार दिवस हाल. तेव्हापासून आमच्या खराडीच्या घरात गहू येत नाही. बाजारच्या हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ असतं, हे मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळलं. गिरणीवर दळलेली ज्वारीही नको, कारण त्याच जात्यातून आधी कुणाचे तरी गहू गेलेले असतात. म्हणून घरघंटी घेतली. मी मूळचा अकोल्याकडचा, ज्वारीची भाकरी खाऊन वाढलेला, त्यामुळे जेवणाचं काही अडलं नाही. अडलं ते वाढदिवसांपाशी.

पुण्यातल्या सोसायटीत राहणाऱ्यांना सांगायला नको. दर शनिवार-रविवारी कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच. आमची मुलगी जाताना स्वतःचा डबा घेऊन जायची. राजगिऱ्याचा लाडू, मुरमुऱ्यांचा चिवडा. केक कापला की बाकीची मुलं बश्या घेऊन धावायची आणि ही एका कोपऱ्यात बसून डबा उघडायची. कुणीतरी मावशी हमखास म्हणायची, "अहो, एवढंसं खाल्लं तर काय होतंय?" माझं डोकं फिरायचं. एकदा मी एका बाईंना, तुमच्या चहात एवढंसं फिनाईल घालू का, असं विचारलं. त्यानंतर दोन महिने आम्हाला त्या घरून आमंत्रण नव्हतं. मुलगी मात्र गप्प असायची. हट्ट नाही, रडणं नाही. चार वर्षांच्या पोरीनं इतकं समजूतदार असू नये, असं मला फार वाटायचं.

तिच्या तिसऱ्या वाढदिवसाला मी नाचणीचा केक केला. आयुष्यातला पहिला. सुरी आत जाईना. मी जोर लावला तर खालची ताटली सरकून पडली आणि फुटली, केकला ओरखडाही आला नाही. सासूबाई आल्या होत्या. त्या कसबा पेठेतल्या, शब्द मोजून वापरणाऱ्या. त्यांनी केक हातात घेतला, वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाल्या, "कोयनेला पाठवा. धरणाच्या कामी येईल."

चौथ्या वाढदिवसाला तांदळाच्या पिठाचा केला. तो भांड्यातून काढला आणि ताटात पडता पडताच त्याचा चुरा झाला. सगळा. संध्याकाळी पाहुणे येणार होते, तेव्हा घाईघाईनं, घरात गहू न आणायचा नियम मोडून, पाहुण्यांसाठी बेकरीतून केक मागवला, आणि मुलीला तो चुरा वाटीत घालून वर दूध ओतून दिला. तिनं त्या विकतच्या केकवरची मेणबत्ती विझवली, केक कापला, सगळ्यांना एकेक तुकडा भरवला, हात धुऊन आली आणि आपली वाटी घेऊन बसली. स्वतःच्या वाढदिवसाला. नंतर कपडे बदलताना तिनं मला विचारलं, "बाबा, माझ्या बड्डेला पण मला वेगळं का?"

त्या रात्री मी ठरवलं की पाचव्या वाढदिवशी टेबलावर एकच केक असेल. जो सगळ्यांचा तोच तिचा. दुसरा केक घरात येणार नाही.

वर्षभर दर दुसऱ्या रविवारी मी केक करत होतो. आमच्याकडे ओव्हन नव्हता. कुकरच्या तळाशी मीठ पसरायचं, शिट्टी आणि रिंग काढून ठेवायची, आत भांडं ठेवून मंद आचेवर पाऊण तास. एकदा सवयीनं मिठाऐवजी पाणी घातलं आणि झाकणाला रिंग, शिट्टीही लावली. तीन शिट्ट्या झाल्यावर माझ्या लक्षात आलं. आत चॉकलेटचा ढोकळा तयार होता. बायकोनं त्याला मोहरीची फोडणी घालू का विचारलं आणि मी स्वयंपाकघरातून निघून गेलो. एकदा सोडा जास्त पडला, एकदा पडलाच नाही. नुसत्या ज्वारीचा केक कोरडा व्हायचा, नुसत्या तांदळाचा फुटायचा. शेवटी दोन्ही निम्मं निम्मं, त्यात पिकलेलं केळं, दही, कोको आणि धरून ठेवायला दोन चमचे इसबगोल. इसबगोलाचा शोध माझा. सासूबाईंना फोनवर अभिमानानं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांची सोय."

पण त्यांनाही मनातून पटलं असावं. वाढदिवसाच्या दिवशी सकाळी त्या कसब्यातून खराडीपर्यंत रिक्षानं आल्या, मांडीवर आपला गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन घेऊन. चाळीस वर्षं जुना, झाकणाला काचेची खिडकी असलेला. त्यांच्या हातचे केक आणि नानकटाई याच ओव्हनमधली, बायको लहानपणापासून खात आलेली. "तीनदा घासलाय, उकळतं पाणी फिरवलंय," त्या दारातच म्हणाल्या. "आणि चमचे, चाळणी नवीन आणलीय. तुमच्या त्या कुकरचा भरवसा नाही." केकचं भांडंही त्यांनी आणलं होतं, स्वच्छ कापडात बांधून.

दुपारी मी मिश्रण केलं, त्यांनी भांड्यात ओतलं, आणि आम्ही दोघं जावई-सासू त्या काचेच्या खिडकीपुढे स्टुलं टाकून बसलो. केक फुगत गेला. मधोमध छान गोलाई आली. सासूबाईंनी विणकामाची सुई खुपसून पाहिली, कोरडी निघाली. भांडं थंड झाल्यावर त्यांनी ताटात उपडं केलं आणि केक अलगद सुटून आला. एक कण भांड्याला राहिला नाही. असा केक मी वर्षभरात पाहिला नव्हता. मुलगी ओट्याला हनुवटी टेकवून बघत होती, आणि मला खरंच भरून आलं.

"आई, काय सुटलाय हो," मी म्हणालो. "माझे सगळे चिकटतात."

"चिकटेल कसा? तूप लावून वर पीठ भुरभुरलं होतं ना. घरूनच लावून आणलं, म्हटलं इथे आल्यावर घाई नको."

मी विचारलं, "कुठलं पीठ?"

त्या बोलायला गेल्या आणि थांबल्या. त्यांच्या घरी पीठ एकच असतं. कणीक. केकच्या भांड्याला चाळीस वर्षं त्यांचा हात तीच भुरभुरत आला होता. ओव्हन त्यांनी तीनदा घासला, चाळणी नवीन घेतली, पण भांड्याला लावायचं पीठ त्यांच्या हिशेबी केकमध्ये जातच नव्हतं. ते भांड्याचं होतं.

मग मी बोललो. बोलू नये तेवढं बोललो. रागावलो की माझ्या तोंडची पुण्याची भाषा जाते. "काऊन लावलं तुम्ही ते पीठ? अडीच वर्षं घसा कोरडा करून सांगून राह्यलो, एक गोष्ट ध्यानात राहत नाही?" असं आणि आणखी बरंच. ज्या बाईंनी मला लग्नाच्या मांडवात, "मुंडावळ्या सरळ करा, वाकडा संसार नको," असं ऐकवलं होतं, त्या खाली मान घालून उभ्या होत्या. वास्तविक पीठ भुरभुरल्याचं त्यांनी स्वतःहून सांगितलं नसतं तर कुणाला काही कळलं नसतं, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

हॉलमध्ये फुगे फुगवत असलेली बायको आवाज ऐकून आत आली. तिनं एकदा केककडे पाहिलं, एकदा आमच्याकडे.

आणि मुलगी? तिनं सगळं ऐकलं होतं. ती खुर्ची सरकवत फडताळापाशी गेली, वर चढली आणि आपला डबा काढून आणला. टेबलावर ठेवला. मला म्हणाली, "बाबा, ओरडू नको आजीला. मी लाडू खाईन ना."

त्या क्षणी मला कुणी रडायला सांगितलं असतं तर मी तिथंच बसकण मारली असती. बायकोनं डबा उचलला आणि फडताळात परत ठेवला. मग म्हणाली, "सव्वातीन झालेत. मुलं साडेपाचला येणार. तुला भांडायचंय की केक करायचाय?"

पीठ उरलेलं नव्हतं. सासूबाईंनी पदर खोचला आणि विचारलं, "ज्वारी कुठंय?" त्यांनी हात कोपरापर्यंत साबणानं धुतले, पुन्हा धुतले, मला दाखवले. अगदी शाळेतली मुलं नखं दाखवतात तसे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरघंटी सुरू झाली. मी ओटा पुसून घेतला, केळी कुस्करली. त्यांचा ओव्हन आता वापरता येणार नव्हता, म्हणून आमचे दोन कुकर काढले, मीठ पसरलं. एका भांड्यात मावेना म्हणून मिश्रण कुकरच्या दोन भांड्यांत ओतलं. या वेळी भांड्याला नुसतं तूप. भुरभुरायला दोघांचाही हात धजला नाही.

पहिला केक एका बाजूला उतरता झाला, कारण आमची शेगडी तिरकी आहे. वर भेगा पडल्या. दुसरा भांड्याला धरून बसला आणि तीन तुकड्यांत बाहेर आला. पाच वाजले होते. मी त्या तुकड्यांकडे बघत उभा राहिलो. सासूबाई म्हणाल्या, "चक्का टांगलाय ना सकाळपासून?" रात्रीच्या जेवणात श्रीखंड होतं, चक्का आमच्याच घरी, आमच्याच फडक्यात टांगलेला. त्यांनी साखर घालून तो फेटला, खालचा केक ज्या बाजूला उतरता होता तिथं जाड थर दिला, त्यावर तीन तुकडे जुळवून बसवले, आणि सगळ्यावरून चक्का लिंपला. वर डाळिंबाचे दाणे. दिसायला तो कसा होता ते सांगत नाही. फोटो आहेत, पण मी ते कुणाला दाखवताना नेहमी माझा अंगठा मधे धरतो.

तो कणीक लागलेला देखणा केक सासूबाई स्वतः खाली घेऊन गेल्या आणि गेटवरच्या सुरक्षारक्षकांना देऊन आल्या. त्या वर आल्यावर मी म्हणालो, "आई, मघाशी मी जास्त बोललो." त्या म्हणाल्या, "बोललात. पण अकोल्याचं होतं, निम्मं कळलं नाही."

साडेपाचला मुलं आली, अकरा जणं. आजीनं औक्षण केलं. मुलीनं सुरी हातात घेतली आणि थांबून आजीकडे बघितलं. आजी खाली वाकून तिच्या कानापाशी म्हणाली, "मी दळलंय. खा." मुलीनं केक कापला आणि पहिला घास, कुणाला न भरवता, स्वतःच्या तोंडात टाकला. चक्का नाकाला लागला. दुसरा घास. मग तिला आठवलं की भरवायचं असतं. मी कॅमेरा धरून उभा होतो आणि मला समोरचं काही नीट दिसत नव्हतं. इतका अभिमान मला नोकरी लागली तेव्हा वाटला नाही, हे घर घेतलं तेव्हाही नाही.

मुलांनी केक खाल्ला. खाल्ला म्हणजे पाडला फडशा. कुणीही, हा ज्वारीचा आहे का, असं विचारलं नाही. बश्या पुन्हा पुढे आल्या, मी कापत गेलो, देत गेलो, माझी छाती फुगलेली. आमची मुलगी मधे फुगे खेळायला गेली. परत आली आणि बशी पुढे करून म्हणाली, "मला अजून."

ताटात चक्क्याचे ओघळ आणि चार डाळिंबाचे दाणे होते. शेवटचा तुकडा शेजारच्या मुलीच्या बशीत होता आणि अर्धा खाऊनही झाला होता.

मुलीनं ताटाकडे बघितलं, शेजारच्या मुलीकडे बघितलं, आणि भोकाड पसरलं. जमिनीवर बसून, पाय आपटत. "माझा केक होता. सगळ्यांनी संपवला. माझा होता." चेहरा लाल, नाक वाहतंय. खाण्यासाठी अशी रडताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. बायको तिला उचलायला धावली, तर सासूबाईंनी तिचा हात धरला.

"थांब गं," त्या म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरलेले होते. "रडू दे तिला जरा. केक संपला म्हणून रडतेय."