बावीस मजल्यांचं विशेषण

परळच्या एका मराठी शाळेत मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि त्यातला बराचसा काळ ‘टॉल’ आणि ‘हाय’ यांच्यातला फरक समजावण्यात गेला. मराठीत आपलं बरं असतं. माणूस उंच, झाड उंच, डोंगर उंच, पतंगही उंच. इंग्रजांचं एवढ्यावर समाधान होत नाही. अंगाने बारीक आणि वर वाढत गेलेलं ते टॉल, म्हणजे माणूस, झाड, खांब. डोंगर, भिंत, छत, ढग हे हाय. लॉफ्टी हा शब्द विचारांसाठी, आणि त्याच्याशी आमच्या मुलांचा संबंध परीक्षेपुरता. टॉवरिंग मी शिकवतच नसे. तेव्हा आमच्या भागात टॉवर नव्हते, गिरण्यांच्या चिमण्या होत्या, आणि चिमणीचं टॉलवर भागत होतं.

इमारतीचं मात्र नक्की काय करायचं, यावरून मी शिक्षकांच्या खोलीत कितीदा तरी वाद घातला आहे. हाय बिल्डिंग म्हटलं म्हणून कोणी फासावर देत नाही, पण मी टॉलच्या बाजूची होते आणि ती बाजू कधी सोडली नाही. इतकी ठाम मतं असली की बाकीच्या गोष्टींकडे बघायला माणसाला सवड राहत नाही. हे कळेपर्यंत मी निवृत्त झाले होते.

मी लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे, आईवडिलांच्या मागे एकटीच. शेजारच्या खोलीत दोन भाऊ होते. मूळ मालवणकडचे, वडील गिरणीत होते. खोली दहा बाय सोळा. आमच्या चाळीत जमीन थोडी आणि वरची हवा भरपूर, छत थेट चौदा फुटांवर. म्हणून घरात लग्न ठरलं की हॉल शोधायच्या आधी सुतार शोधायचे आणि पोटमाळा घालून घ्यायचे. शेजारीही तेच झालं होतं. थोरला भाऊ, त्याची बायको, मुलगा आणि म्हातारी आई खाली. धाकटा, त्याची बायको आणि दोन मुली वर. मधे लोखंडी शिडी. वर गॅस वेगळा, कपाट वेगळं, देवसुद्धा वेगळे. चार माणसांचा अख्खा संसार, पण कुठल्याही कागदावर त्याचा पत्ता नाही. भाडेपावती एकच आणि ती थोरल्याच्या नावाची.

धाकटा माझा विद्यार्थी. आठवीत भावावरच्या निबंधात त्याने भाऊ ‘व्हेरी हाय’ असल्याचं लिहिलं होतं. मी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. पोरं हसली, मीही हसले. त्यानंतर त्याने मला वर्गात कधी काही विचारलं नाही, आणि त्याला आता सगळं समजायला लागलं अशी मी स्वतःची समजूत करून घेतली. पुढे तो परळच्या एका इस्पितळात एक्स-रे काढायच्या कामाला लागला. जिन्यात भेटला की बाजूला होऊन मला वाट द्यायचा.

मग चाळीत रिडेव्हलपमेंट आली. चाळ पाडायची, तिथे आमच्यासाठी बावीस मजल्यांची इमारत आणि मागे बाहेरच्यांना विकायला दुसरी, तिच्या दुप्पट. बिल्डरच्या माणसाने एका शुक्रवारी कराराचा मसुदा आणून दिला. एकसष्ट पानं, सगळी इंग्रजीत. रविवारी सभा आणि सह्या. चाळ कमिटीचे अध्यक्ष तो गठ्ठा दोन्ही हातांत धरून माझ्या दारात आले.

“बाई, काही लोक म्हणतात वकील लावूया. म्हटलं, आपल्या बाई असताना वकील कशाला?”

मला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही. ते सरळ सांगून टाकायला हवं होतं. पण निवृत्त शिक्षिकेपुढे कोणी तपासायचा कागद धरला तर तिचा हात आपोआप पुढे होतो. त्या दिवशी दुपारी मी चहा केला, लाल पेन शोधलं आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसले. चार वर्षांनी हातात लाल पेन आलं होतं. मला फार बरं वाटत होतं.

पहिल्याच पानावर ‘हाय बिल्डिंग’. मला कोण आनंद झाला. तिसऱ्या पानावर परत तेच. अकराव्या पानावर मागच्या इमारतीच्या लॉबीचं वर्णन होतं आणि तिथे ‘टॉल सीलिंग’ लिहिलेलं. म्हणजे टॉल हा शब्द यांना माहीत होता, पण तो त्यांनी नेमका नको तिथे खर्च केला होता. मी एकटीच हसत सुटले. एवढ्यात धाकटा ड्यूटीवरून आला आणि खुर्चीपाशी थांबला.

“बाई, आमच्या माळ्याचं काही लिहिलंय का त्यात?”

“असेल रे, असणारच. आधी हे बघ. छताला टॉल म्हणतायत.”

त्याने वाकून पाहिलं आणि हसला. आणखी थोडा वेळ उभा राहिला. मग घरात गेला आणि शिडीवरून त्याच्या पायांचा आवाज वर गेला.

माळ्याचं लिहिलेलं होतं. चाळिसाव्या पानावर. खोलीच्या आत भाडेकरूने कसलीही सोय केलेली असो, एका भाडेपावतीमागे एकच सदनिका मिळेल, असा त्या वाक्याचा अर्थ. पण अर्थाकडे बघतो कोण? एकोणचाळीस पानं चुका काढून मी वैतागले होते आणि हे वाक्य, चांगलं पाच ओळींचं, बिनचूक होतं. अर्धविराम जिथल्या तिथे, क्रियापद कर्त्याला धरून. माझा जीव सुखावला. शेजारच्या समासात मी मोठी बरोबरची खूण केली. एकसष्ट पानांत तेवढी एकच.

रविवारच्या सभेत एकाने पुन्हा वकिलाचा विषय काढला, तर त्यालाच लोकांनी गप्प केलं. शेजारची म्हातारी म्हणाली, “बाईंनी वाचल्यानी मां? मगे झाला.” मी मान हलवली. बिल्डरच्या माणसाने उभं राहून जाहीर केलं की बाईंच्या एकूण एक दुरुस्त्या त्यांच्या वकिलांनी मान्य केल्या आहेत. टाळ्या पडल्या. बिल्डरला वाकवलं म्हणून लोक मला भेटून गेले. समोरच्याचे वकील आपलं सगळं म्हणणं हसत हसत मान्य करतात तेव्हा काहीतरी गडबड असते, एवढं माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी घरी येऊन शिरा केला.

इमारत पाच वर्षांत उभी राहिली आणि खरोखर टॉल झाली. फ्लॅटच्या किल्ल्यांसाठी चिठ्ठ्या निघणार होत्या त्या दिवशी भिंतीवर यादी लागली. शेजारच्या खोलीपुढे एकच फ्लॅट, थोरल्याच्या नावाने. धाकटा बिल्डरच्या ऑफिसात विचारायला गेला, मीही त्याच्याबरोबर गेले, तावातावाने. टेबलामागच्या पोराने फाइल काढली.

“काका, एक पावती, एक फ्लॅट. सिंपल आहे. हे बघा ना, तुमच्याच माणसांनी चेक केलंय.”

माझ्या दुरुस्त्यांचा मसुदा त्यांनी जपून ठेवला होता. चाळिसावं पान, आणि बाजूला माझी लाल खूण. शाळेत वह्यांवर करायचे तशीच, शेवटी जरा झोकदार. मी ती ओळखली आणि त्यानेही ओळखली. येताना त्याने माझ्यासाठी टॅक्सी थांबवली, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

नव्या फ्लॅटचं छत नऊ फुटांवर. तिथे माळा सोडा, पंख्याखाली हात वर करायची चोरी. थोरला वाईट माणूस नाही. त्याने धाकट्याला हॉल दिला. आठ माणसांनी तीन महिने काढले. मग थोरल्याच्या मुलाचं लग्न ठरलं आणि या वेळी सुताराला बोलवून उपयोग नव्हता. धाकटा बायकोमुलींना घेऊन ठाण्यापलीकडे दिव्याला भाड्याने राहायला गेला. मुलींच्या शाळेचा दाखला काढायला इंग्रजी अर्ज लागत होता. तो त्याने माझ्याकडून लिहून घेतला नाही.

मला चौदावा मजला मिळाला आहे. खिडकीतून मागची इमारत दिसते, दुसरं काही दिसत नाही. लोक अजून मला मान देतात. सोसायटीच्या नोटिसा माझ्याकडे तपासायला येतात आणि मी चष्मा सापडत नाही असं सांगते.

गेल्या महिन्यात माझा गुडघा धरला आणि डॉक्टरांनी एक्स-रे सांगितला. त्याच इस्पितळात जावं की नको, यावर मी दोन दिवस घालवले आणि शेवटी गेले. तोच ड्यूटीवर होता. केसांत पांढरं आलं होतं. त्याने मला धरून टेबलावर झोपवलं, गुडघा सरळ केला, खाली प्लेट सरकवली. वर बघत पडल्या पडल्या मी म्हटलं, “तुला एक सांगायचं होतं. तो करार मी वाचलाच नव्हता रे. नुसतं इंग्रजी तपासलं.”

“माहीत आहे, बाई.”

“कधीपासून?”

“त्याच दिवसापासून. तुम्ही हसत होता. घराचा कागद वाचताना कोणी हसत नाही.”

“मग तेव्हाच का नाही बोललास? परत विचारायचं मला.”

त्याने माझा पाय जरासा आत वळवला. “बाईंनी एकदा सांगितल्यावर परत विचारायचं असतं, हे आम्हाला कुठे शिकवलंत तुम्ही?” तो रागाने बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. “आता हलू नका,” असं म्हणून तो काचेमागे गेला.

पहिला एक्स-रे नीट आला नाही. पाय थरथरत होता म्हणाला, आणि त्याने दुसरा काढला.