आपले डॉक्टर

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा शहराच्या पोलिसांत डिटेक्टिव्ह असलेली ऋता वर्षभर डॉक्टर हेमचंद्रांच्या मागावर होती. हा गृहस्थ धडधाकट माणसांना घाबरवून त्यांच्या हृदयात स्टेंट बसवायचा आणि स्टेंटच्या कंपनीकडून कमिशन खायचा. त्यात एक जण हकनाक गेलाही. पण जबाब द्यायला तिथलं एकही मराठी घर तयार होईना. म्हणे, "डॉक्टर आपले आहेत गं!" डोंबलाचे आपले! शेवटी तिने, हेमचंद्रांनीच स्टेंट बसवलेल्या स्वतःच्या वडिलांचे रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरला दाखवले. बाबांनाही स्टेंटची गरज नव्हतीच.

हेमचंद्रांना बेड्या पडल्या. त्या संध्याकाळी ऋता दमून घरी आली, तर बाबा पिठलं-भाताचा डबा भरत होते. तिला वाटलं, आपल्यासाठीच.

"बाजूला हो," तिच्याकडे न बघता ते म्हणाले. "डॉक्टरांच्या घरी आज चूल पेटली नसेल."