सासूबाईंच्या मांजरीची उन्हाळी

सासूबाई वारल्या त्याला तीनेक आठवडे झाले असतील. एका सकाळी नहाणीच्या कोपऱ्यात मला रक्ताचे चार-पाच थेंब दिसले, वाळून तपकिरी झालेले. घासून काढले आणि कुणाला बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

आम्ही तेव्हा मध्य प्रदेशातल्या बालाघाटात राहत होतो. यजमान परसवाड्याला मास्तर, ते शनिवारीच यायचे. एरवी घरात मी, सासरे आणि सासूबाईंची मांजर. मांजर चौदा वर्षांची, एका डोळ्यात फूल पडलेलं.

चौथ्या दिवशी भर दुपारी नहाणीतून कण्हणं ऐकू आलं. बारीक, दातांत धरल्यासारखं, मध्येच थांबणारं. तांदूळ निवडता निवडता माझा हात थांबला. सासूबाई दिवाळीपासून नहाणीत अशाच कण्हायच्या, कितीतरी वेळ बसून राहायच्या. विचारलं की म्हणायच्या, "काही नाही, उन्हाळी लागली, लघवीला जळजळतं." धने भिजवून त्याचं पाणी प्यायच्या. मग कंबरेत कळा आल्या, थंडी वाजून ताप चढला आणि आठवड्याच्या आत त्या गेल्या.

मी दाराशी गेले. कोपऱ्यात मांजर पाठ वाकवून बसली होती, तोंड भिंतीकडे. सासूबाई बसायच्या तिथेच, तशीच. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि मी आपसूक डोक्यावर पदर घेतला.

शेजारीण म्हणाली, बाईचा जीव मांजरीत अडकलाय, तिला वैनगंगेपार सोडून ये. सासऱ्यांनी ऐकलं. "धम्माची दीक्षा घेतली तवाच हे भूतखेत सोडलं आपण," एवढंच ते म्हणाले. पण त्या दिवसापासून ते आंघोळ अंगणात करू लागले.

दुसऱ्या दिवशी मांजरीला टोपलीत घालून मी ढोरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर जबलपूरकडचे, बैल-म्हशी बघणारे. आधी हसले, मग तिचं पोट हलक्या हाताने चाचपू लागले.

"कब से है?"

"दिवाळीपासून."

त्यांचा हात थांबला. माघ चालू होता. "इतने दिन में तो ये मर जाती, बाई."

मी कुणाचं दुखणं सांगितलं ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. चार दिवस, असं मी कसंबसं सुधारून सांगितलं. त्यांनी समजावलं की म्हाताऱ्या मांजरींना लघवीत पू होतो, जळजळतं, रक्त येतं. वेळेवर औषध दिलं तर बरं होतं, नाही तर विकार वर मूत्रपिंडात चढतो, ताप येतो.

"माणसांचंही असंच असतं का?" मी विचारलं.

"वैसा ही," ते पुड्या बांधत म्हणाले.

सल्फाच्या गोळीचे बारीक तुकडे करून पुड्या दिल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ एक पुडी आणि पोटात पाणी भरपूर. ती नुसतं पाणी पीत नव्हती, म्हणून मी बिनमिठाची मासोळी उकळून तिचं पाणी पाजायची. तिच्या लघवीसाठी घमेल्यात राख भरून ठेवली होती. रोज सकाळी ती उकरून किती ओली झाली, लाल आहे का, हे बघायचं. औषध पाजताना सासरे तिला पंच्यात गुंडाळून धरायचे. ते तिच्याकडे बघत नसत.

नवव्या दिवशी राखेत मोठा ओला गोळा निघाला, लाल अजिबात नव्हता. मी ते सांगितलं तेव्हा सासरे मांजरीला धरून बसले होते.

"तिनं मले सांगतलं होतं," ते म्हणाले. "म्या म्हटलं, बायकायचं दुखणं हाय, होईन बरं."

मी पुडी सोडली, मांजरीचं तोंड उघडलं.

मांजर पुढे दीड वर्ष जगली. संध्याकाळी ती फाटकाबाहेर गेली की सासरे ओट्यावरून हाक मारायचे, "अवो, घरात ये." सासूबाईंना आयुष्यभर त्यांनी त्याच शब्दाने हाक मारली होती. आणि मांजर लगेच यायची.