खरवडलेली रिम

डिस्क ब्रेक घेऊ की रिम ब्रेक, असं कुणी विचारलं की मी आजही सरळ उत्तर देत नाही. विचारणाऱ्याला वाटतं, बाईला काही कळत नाही. वाटू दे. एका रिमपायी, म्हणजे चाकाच्या धातूच्या कड्यापायी, माझ्या घरात काय झालं ते मला माहीत आहे, आणि ते सायकलच्या दुकानात उभं राहून सांगण्यासारखं नाही.

माझी सायकल ट्रायल्सची. म्हणजे तिला सीट नसते, कारण तिच्यावर बसायचंच नसतं. उभ्याने, दगडांवरून, लाकडी पॅलेटवरून, सिमेंटच्या पाइपांवरून उड्या मारत जायचं आणि जमिनीला पाय टेकवायचा नाही, एवढाच खेळ. डोंबिवलीत आमच्या सोसायटीतल्या काकू विचारायच्या, "सीट चोरीला गेली का गं?" सुरुवातीला मी समजावून सांगायचे. नंतर हो म्हणायला लागले. चोरी लोकांना पटकन समजते.

या खेळात ब्रेक थांबण्यासाठी नसतो, उभं राहण्यासाठी असतो. मागच्या एका चाकावर तोल सावरून उभं राहायचं आणि तिथूनच पुढची उडी घ्यायची. त्या वेळी ते चाक गच्च धरलेलं पाहिजे. सूतभर जरी सरकलं तरी तुम्ही खाली.

तेव्हा मी अठ्ठावीसची होते. ठाण्याला एका वकिलाच्या ऑफिसात दिवसभर अर्ज टाइप करायचे. एका सायकल कंपनीची खेळ करून दाखवणारी टीम होती, गावोगाव फिरणारी, आणि तिच्यात एक जागा रिकामी झालेली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठाण्याला एका मैदानावर निवड चाचणी होती. तिशीपुढचं ते कुणाला घेत नव्हते आणि अशी जागा काही दरवर्षी निघत नाही. मला ती जागा हवी होती. दुसरं काहीही नको होतं.

बाबांच्या लेखी हे सगळे माकडचाळे होते. हा शब्द त्यांनी गणपतीत, कोकणातून आलेल्या पाहुण्यांसमोर वापरला. मीही गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हटलं, माकडं तरी स्वतःच्या मनाने उड्या मारतात, कंपनीच्या भोंग्यावर नाही. पाहुणे हसले. बाबा नाही हसले. तेव्हापासून आमचा अबोला. दोन खोल्यांच्या घरात अबोला म्हणजे आईच्या जिवाला घोर. "हिला सांग, दूध उतू जातंय," असं ते आईला सांगायचे, मी गॅसपाशीच उभी असताना.

बाबा फिटर. छत्तीस वर्षं एका कंपनीच्या मशीन शॉपमध्ये काढली. त्यांचा सगळा अभिमान उजव्या अंगठ्यात होता. लोखंडावरून अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, इथे केसभर उंच आहे. मग मोजून बघावं तर खरंच असायचं. रिटायर झाल्यावर त्यांच्या हाताखाली लोखंड उरलं नाही. घरातल्या कड्या-कोयंड्यांना तेल घालून घालून त्यांनी एकही दरवाजा कुरकुरता ठेवला नव्हता.

चाचणीआधी मला ब्रेक बदलायचे होते. जुने पार गेलेले. टेंभी नाक्याच्या मागे एका दुकानात गेले तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, डिस्क घ्या. आजकाल रिम ब्रेक कोण घेतं? पावसात तर गेलेच समजा." त्याचं काही चुकीचं नव्हतं. पण डिस्क, म्हणजे चाकाच्या मधोमधची चकती, किंचित हलून मग धरते, आणि ते किंचित मला परवडणारं नव्हतं. मला हा खेळ ज्याने शिकवला तो कल्याणचा दादा, कुरिअरची पार्सलं वाटायचा आणि रविवारी टिटवाळ्याच्या बांधकामांवर पडलेल्या पाइपांवर आम्हाला उड्या मारायला लावायचा. तो म्हणाला, "रिमच घे. हायड्रॉलिक, तेलाच्या दाबावरचे. पण एक ध्यानात ठेव, गुळगुळीत रिमवर ते काही कामाचे नाहीत. रिम खरवडावी लागते. ग्राइंडरने. ब्रेकच्या पॅडला दात रोवायला जागा पाहिजे ना."

मी रिम ब्रेक घेतले. हे त्या वेळी कुणाला सांगितलं नाही, आता सांगते, की मला ती कल्पनाच आवडली होती. धातूवर हाताने काम करायचं, बोटाने तपासायचं. फिटरची पोर मी, दुसरं काय आवडणार. पण अबोला चालू होता, तेव्हा हे बोलायचं कुणाशी?

एका रविवारी नाक्यावरच्या ग्रिलवाल्याकडून ग्राइंडर आणला आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकल उलटी करून बसले. दादाने शिकवलं होतं तसं, चाक हळूहळू फिरवत, रिमच्या दोन्ही कडांवर तिरपे ओरखडे पाडत गेले. आवाज असा की वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. संपवून मान वर केली तर बाबा समोर उभे. हातात दुधाची पिशवी. चांगला मिनिटभर ते रिमकडे बघत राहिले. मग महिन्याभरात पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले.

"चांगल्या रिमचं हे काय केलंस?"

त्यात राग नव्हता. आज मला नक्की सांगता येतं, नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी ग्राइंडरची वायर गुंडाळत म्हटलं, "तुम्हाला नाही कळणार."

ते जिन्याने वर गेले. मला वाटलं, जिंकले. मूर्ख बाई.

आमच्याकडे दसऱ्याला बाबांची हत्यारं पूजेला लागायची. आदल्या दिवशी ती धुऊन, पुसून, खोबरेलाचा हात फिरवून ठेवायची. दसऱ्याला सकाळी पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं. आणि एकदा पूजेला लावली की त्या दिवसात त्यांना कामाला लावायचं नाही. कानस, नटबोल्टचे पाने, करवत, मापाचा एक व्हर्नियर. कंपनी सुटली तरी हा नेम सुटला नाही. त्या हत्यारांच्या ओळीत दुसऱ्या कशाला कधी जागा मिळालेली नव्हती. माझी दहावीची पुस्तकं सरस्वतीच्या पाटावर, वेगळी.

दसऱ्याला सकाळी उठले तर पाटाशेजारी माझी सायकल उभी. धुतलेली, लखलखीत. हँडलला झेंडूचा हार, ब्रेकच्या लिव्हरवर कुंकवाची बोटं. बाबा पेपरात तोंड घालून बसलेले. आई हळूच म्हणाली, "काल तू ऑफिसला गेल्यापासून दिवसभर गॅलरीत तेच करत होते. जेवायलासुद्धा आत आले नाहीत."

माझे डोळे भरून आले. म्हणून मी रिमकडे नीट पाहिलं नाही. हे कारण ऐकायला छान वाटतं, पण कारण कसलं, गाढवपणाच तो. चाचणीच्या आदल्या दिवशी ब्रेक तपासत नाही तो खेळाडू कसला. पण सायकल पूजेला लागलेली. मी हार काढून दोन उड्या मारल्या असत्या तर बाबा पुन्हा कोषात गेले असते. मी त्यांना नमस्कार केला, त्यांनी माझ्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि म्हणाले, "उद्या लवकर निघायचंय ना? झोप वेळेवर." अबोला मिटला. त्या दिवशी आमच्या घरात श्रीखंड जरा जास्तच खाल्लं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा त्याच्या मेव्हण्याचा टेम्पो घेऊन आला. ठाण्याला मैदानावर पोचलो, सायकल उतरवली, हार काढला आणि मी हात-पाय मोकळे करायला म्हणून मागच्या चाकावर उभी राहिले. चाक लोण्यातून गेल्यासारखं पुढे सरकलं. पुन्हा ब्रेक आवळला. पुन्हा तेच. दादा खाली वाकला, त्याने रिमवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"खोबरेल?" तो म्हणाला.

नुसतं खोबरेल असतं तर पुसता आलं असतं. टेम्पोतलं पेट्रोल चिंधीवर घेऊन आम्ही रिम पुसली, पॅड पुसले. तेल गेल्यावर खरी गोष्ट दिसली. ओरखडे नव्हतेच. आधी बारीक कानस, मग पॉलिश पेपर, असा दिवसभर हात चालवून बाबांनी दोन्ही चाकांच्या रिमा आरशासारख्या केल्या होत्या. पोरीने अडाणीपणाने खराब केलेली वस्तू त्यांनी दुरुस्त करून दिली होती. इतकं सुबक काम मी आजवर दुसऱ्या कुठल्या सायकलवर पाहिलेलं नाही. त्यात माझा जीव गेला ते सोडा.

ग्राइंडर कुठे मिळणार, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेसातला? दादाने विटेचा तुकडा उचलून रिम घासायला घेतली. मीही घेतली. लाल धुळीने हात भरले, नखं तुटली. थोडीफार पकड आली. माझा नंबर पुकारला.

पहिले दोन अडथळे गेले. तिसऱ्याला पॅलेटच्या थप्पीवर मागच्या चाकावर उभं राहून समोरच्या ओंडक्यावर उडी होती. ही उडी मी टिटवाळ्याला कितीदा मारली असेल. उभी राहिले, लिव्हर आवळली, अंग आकसलं, आणि उडी निघायच्या क्षणी चाक सरकलं. सूतभरच. मी थप्पी आणि ओंडक्याच्या मधे सायकलसकट पडले. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. परीक्षक बाई सज्जन होत्या. त्यांनी मला पुन्हा एक संधी दिली. पुन्हा तिथेच पडले. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ब्रेक तपासून यायचं असतं ना."

परतीच्या वाटेवर दादा एवढंच म्हणाला, "घरी जाऊन काही बोलू नकोस. आज तरी नको."

मी बोलले. दार बाबांनीच उघडलं. त्यांच्या तोंडावर प्रश्न होता, म्हणजे ते वाट बघत होते. मी बूटसुद्धा काढले नाहीत. म्हटलं, "छत्तीस वर्षं दुसऱ्यांचं लोखंड घासलंत, तेवढं पुरलं नाही का? माझं तरी सोडायचं होतंत. सांगितलं होतं ना, तुम्हाला कळत नाही म्हणून?" अजून बरंच बोलले. ते लिहिण्याच्या लायकीचं नाही. आई मधे आली, तिलाही बोलले. बाबा माझ्या सोलवटलेल्या कोपराकडे बघत होते. आतून हळद आणायला वळले आणि अर्ध्यातच थांबले. बहुतेक त्यांना वाटलं, हळदीतलंही आपल्याला काही कळत नसेल.

पुढच्या दसऱ्याला पाट मांडला गेला नाही. आईने विचारलं तर म्हणाले, "हत्यारं दिली भंगारात. हात थरथरतात आता." हात थरथरत नव्हते. टीममधली ती जागा नाशिकच्या एका मुलीला मिळाली. मी तिचा खेळ एकदा कल्याणला मॉलबाहेर गर्दीत उभी राहून पाहिला. चांगली होती. तिच्या रिमवरचे ओरखडे मला लांबूनही दिसले.

मी तिशी ओलांडली, तेव्हा प्रश्नच मिटला. अर्ज अजून टाइप करते. पण सायकल विकली नाही. गेल्या थंडीत एका रविवारी परत ग्राइंडर आणला आणि पार्किंगमध्ये बसले. आता कुणासाठी, ते विचारू नका. बाबा दूध घेऊन आले. नेहमीप्रमाणे मान खाली घालून बाजूने जायला लागले. कुठून बुद्धी झाली माहीत नाही, मी म्हटलं, "बाबा, जरा बघता का?" आणि सांगितलं. पॅडला पकड कशी लागते, ओरखडे तिरपे का, गुळगुळीत रिम का चालत नाही. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चार वर्षांपूर्वीही तेवढीच लागली असती.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. उकिडवे बसले. उजवा अंगठा रिमवर टेकवला, डोळे मिटले आणि डाव्या हाताने चाक हळूहळू फिरवलं. एका जागी थांबले, मागे नेलं, पुन्हा तिथेच आले.

"इथे रिमचा जोड आहे," ते म्हणाले. "इथे तुझा हात हलका पडलाय, बोटभर लांबीत. बाकी ठीक आहे. पण चाक इथे येऊन थांबलं तर सरकणार."

खरं होतं. जोडाशी मी नेहमीच हात उचलते. त्या दसऱ्याला त्यांनी रिम घासलीच नसती तरी त्या जागी मी कदाचित पडलेच असते.

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. पिशवी उचलली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून, वळून न बघता म्हणाले, "तेव्हाच असं सांगितलं असतंस तर मीच करून दिलं असतं गं."

मग ते वर गेले. दूध तापवायला उशीर झाला म्हणून आई त्यांना बोलत होती, ते मला खाली ऐकू येत होतं.