नाकाच्या टप्प्याबाहेर

"हा कर! हा कर म्हणतो ना मी!"

नागपूर विमानतळाच्या दारात बाबा ओरडून राहिले होते. मी तेवीस वर्षांचा इंजिनिअर, खिशात जर्मनीचा व्हिसा, मागे ट्रॉल्या घेऊन अर्धं नागपूर खोळंबलेलं. आई कळवळली, "अहो, लोक पाहून राहिले ना!"

"पाहू दे. काल मित्रांनी पार्टी देल्ली याले."

मी आ वासला. बाबांनी हुंगलं. म्हणाले, "जाय."

बाबा कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे अडते. बंद पेटीला नाक लावून तळातलं सडकं संत्रं सांगत. वारा बरा असला, तर सक्करदऱ्यात कोणी बाटलीचं बूच काढलं की कळमन्यात यांना शिंक येई. सोळाव्या वर्षी त्याच सक्करदऱ्याच्या तलावावर आम्ही पाच जणांनी एक बीअर संपवली. वास लपवायला मी कच्चा कांदा, बडीशेप आणि वरून पेरूचा पाला चावला. दारातच "हा कर!" झालं.

"पाला काहून खाल्ला गा? बकरी हाय का तू?"

मग महिनाभर पहाटे कळमन्यात सडकी संत्री निवडली. आंबलेलं संत्रं म्हणजे बीअरचा सख्खा भाऊ. अजून बाटली दिसली की आधी माझी कंबर दुखते. तेव्हाच ठरवलं, जिथे कोणी तोंड हुंगणार नाही त्या देशात जायचं.

गेलो. तर इथे सोळा वर्षांच्या पोराला दुकानात राजरोस बीअर मिळते! आणि इथेच जन्मलेला आमचा पोरगा यंदा सोळाचा झाला.

परवा रविवारी दुपारी तो मित्राकडच्या ग्रिल-पार्टीहून आला. मी दारात. "हा कर!" समोरच्या चार खिडक्या उघडल्या. सहा फुटी पोरगा मुकाट वाकला. माझ्या नाकाला नुसती मोहरीची चटणी लागली.

"एक घेतली, बाबा. साधं विचारलं असतं तरी सांगितलं असतं." एवढं बोलून त्यानं खोलीचं दार लावून घेतलं.

त्या लावलेल्या दारानं माझी तंतरली. मी बाबांपासून लपत लपत पार समुद्रापलीकडे आलो. हाही लपायला शिकला तर?

नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. माझं घर म्हणजे आता एवढंच उरलंय, तळहाताएवढ्या काचेत बाबांचं नाक आणि मागून आईचा आवाज. सगळं सांगितलं. बाबा आता वायफाय फोडून गरजणार म्हणून फोन हातभर लांब धरला.

"घरी आला ना?" बाबा म्हणाले. "मंग जेवाले दे त्याले."