आईंसाठी हलकी काडतुसं

माझ्या सासूबाईंनी, दमयंती पोंक्षे यांनी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा रिव्हॉल्व्हर हातात धरलं, एकच गोळी झाडली आणि ते खाली ठेवलं. कानांवरचे आवाज अडवणारे मफ काढत त्या म्हणाल्या, "छान आहे," आणि गाडीत जाऊन बसल्या.

हे २००६ सालच्या मार्चमधलं. आई-बाबा, म्हणजे माझे सासू-सासरे, पुण्याहून आमच्याकडे, न्यूझीलंडमध्ये ऑकलंडजवळच्या पापाटोएटोला, सहा महिन्यांसाठी आले होते. माझा नवरा राघव ऑकलंडमधल्या एका पिस्तूल क्लबचा सभासद आहे. दर रविवारी तो शहराबाहेर, टेकड्यांच्या कुशीतल्या रेंजवर जायचा. पाहुण्यांना तिथे सभासदाच्या देखरेखीखाली झाडता येतं. आईंनीच पोहे खाताना विचारलं होतं, "मला येता येईल का रे तुझ्याबरोबर?" राघवला वाटलं, तिला हवापालट हवा असेल. त्या कानांतल्या कुड्या काढून, साडीवर माझं जाड स्वेटर चढवून तयार झाल्या तेव्हा मला जरा नवल वाटलं. कुड्या का काढल्या, ते मला रेंजवर मफ घालताना कळलं. त्यांना आधीपासून माहीत होतं.

घरी आल्यावर त्या डाव्या हाताने पोळ्या लाटायला लागल्या. मी लाटणं काढून घेतलं. उजवं मनगट सुजलं होतं. चार वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून ते मोडलं होतं आणि जरा वाकडंच जुळलं होतं. मी बर्फ लावत बसले, तेव्हा त्या आपणहून बोलल्या.

"कॉलेजात एनसीसीत होते मी. सांगलीला. चीनचं युद्ध नुकतंच संपलं होतं, मुलींनाही रायफल शिकवायचे. माझी दिल्लीच्या कॅम्पसाठी निवड झाली होती."

"मग?"

"मग काय. त्याच आठवड्यात मला बघायला पाहुणे आले. वडील म्हणाले, दिल्ली कुठे पळून जात नाही."

पुढच्या वर्षी त्या लग्न होऊन खडकीला आल्या. आमचे बाबा, रमण पोंक्षे, तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात काडतुसं भरायच्या विभागात होते. चौतीस वर्षं त्यांनी तेच काम केलं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी आईंनी त्यांना विचारलं होतं, मला एकदा तरी झाडायला मिळेल का. बाबा हसले होते. कारखाना म्हणजे काय जत्रा आहे, असं काहीतरी म्हणाले होते. आईंनी तो विषय पुन्हा काढला नाही. राघवला, त्यांच्या सख्ख्या मुलाला, यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

बाबा इथे आल्यापासून कंटाळले होते. सकाळी स्टेशनपर्यंत चालत जायचं, शहराकडे जाणारी एक गाडी बघायची, येताना कोथिंबिरीची जुडी आणायची, एवढाच त्यांचा दिवस. त्या संध्याकाळी त्यांनी आईंचं मनगट पाहिलं आणि ते गराजमध्ये गेले. तिथे राघवचं काडतुसं भरायचं हातयंत्र होतं.

"तू तिला कुठली काडतुसं दिलीस?"

"दुकानातली, बाबा. मी तीच वापरतो."

"ती तुझ्या मनगटासाठी आहेत," बाबा म्हणाले. "काडतुसाची ती रिकामी पुंगळी बघू इकडे."

पुढचे तीन आठवडे राघवचं ऑफिस सुटल्यावर बापलेक गराजमध्ये असायचे. लायसन्स राघवचं, म्हणून दारूच्या डब्याला हात फक्त त्याने लावायचा, असं बाबांनीच ठरवलं. स्वतः शेजारी स्टुलावर बसून ते सांगायचे. गोळी हलकी, शिशाची घ्यायची. दारू छापील तक्त्यातल्या सगळ्यात खालच्या आकड्याइतकी. राघव म्हणाला, आणखी थोडी कमी करू या की, आईला बरं पडेल. बाबांनी मान हलवली.

"कमी दारू म्हणजे कमी धोका, असं नसतं. फार कमी झाली तर गोळी नळीतच अडकून बसते. झाडणाऱ्याला वाटतं, बार फुसका गेला. तो पुढचा चाप ओढतो आणि नळी फुटते. तक्त्याच्या खाली जायचं नाही."

दारू इतकी थोडी की पुंगळीच्या तळाशी जेमतेम दिसायची. चुकून दोनदा पडली तरी वरून कळणार नाही, म्हणून बाबा लाकडी ठोकळ्यात पुंगळ्या उभ्या करून एकेकीत टॉर्च मारून बघायचे. पन्नास पुंगळ्या, पन्नासदा मान वाकवायची. एकीबद्दल शंका आली तर अख्खा ठोकळा रिकामा करायला लावायचे.

एकदा आई चहा घेऊन गराजमध्ये गेल्या. मी दाराशीच होते.

"काय चाललंय हे?"

"तुझ्यासाठी काडतुसं करतोय," बाबा म्हणाले.

"मी नाही झाडणार आता. झालं एकदा."

"नको झाडूस. केलेली असू देत." बाबांनी टॉर्च बंद केला. "तू तेव्हा विचारलं होतंस."

"तुम्हाला आठवतंय?"

"रोज हजारोंनी काडतुसं हाताखालून जायची. कशी विसरेन?"

आईंनी कप बाकावर ठेवला. पदराने हात पुसले, हात कोरडेच होते, आणि त्या आत गेल्या.

पहिल्या खेपेची काडतुसं राघवने स्वतः झाडून पाहिली. मी मुद्दाम बघत होते. बाबांचं लक्ष निशाणाकडे नव्हतंच, ते राघवच्या मनगटाकडे पाहत होते. "अजून उडतोय हात," ते म्हणाले. मग दुसऱ्या जातीची दारू आणली, तिचा वेगळा तक्ता, पुन्हा सगळं पहिल्यापासून. क्लबातला ग्रॅहम म्हणून एक उंच म्हातारा होता, त्याने हे दोन रविवार पाहिलं आणि स्वतःचं लांब नळीचं, वजनदार रिव्हॉल्व्हर पुढे केलं. जड हत्यार निम्मा धक्का स्वतःच पचवतं, हे त्याचं आणि बाबांचं एकमत होतं. दोघांचं इंग्रजी एकमेकांना फारसं कळत नव्हतं, पण यावर काही अडलं नाही.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आई आपणहून गाडीत येऊन बसल्या. कुड्या घरीच ठेवल्या होत्या.

ग्रॅहम त्यांच्या उजव्या खांद्यामागे उभा राहिला, राघव डाव्या. आईंनी दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर धरलं आणि बराच वेळ चाप ओढला नाही. मला वाटलं, ठेवून देतील. मग आवाज झाला. पहिल्या वेळच्या मानाने लहान, एखादं जड पुस्तक टेबलावर पडावं तसा. हात जेमतेम वर गेला आणि परत जागेवर आला. त्यांनी श्वास सोडला. त्यानंतर पाच बार त्यांनी सावकाश, सारख्या अंतराने झाडले.

कागद आणून पाहिला. एक भोक पार कडेला होतं. उरलेली पाच माझ्या तळहाताखाली झाकली गेली.

"स्वीट अ‍ॅज," ग्रॅहम म्हणाला.

"काय म्हणतोय गं?"

"छान झालं म्हणतोय, आई."

"त्याला विचार, अजून सहा झाडू का?"

बाबा मागे बाकावर बसले होते. ते उठले नाहीत. चष्मा पुसत राहिले.

आईंनी मग एकही रविवार चुकवला नाही. पाऊस असो, गारठा असो, साडीवर स्वेटर आणि त्यावर राघवचा रेनकोट. सप्टेंबरात परतायचं होतं. बाबांनी बॅगा माळ्यावरून काढल्याही. तेव्हा आई म्हणाल्या, "मला थोडं राहायचंय." चाळीस-बेचाळीस वर्षांच्या संसारात मला हे हवंय असं त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, असं बाबांनी मला नंतर सांगितलं. त्यांचं स्वतःचं लक्ष पुण्याकडे लागलं होतं. तरी त्यांनी व्हिसा तीन महिन्यांनी वाढवून घेतला. डिसेंबरात मात्र जावंच लागलं. शेवटच्या रविवारी क्लबातल्या माणसांनी निरोपाला आईंपुढे हात केले. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि ग्रॅहमला तेवढा हात दिला.

पुण्याला गेल्यावर बाबांची बायपास झाली. पुढच्या वर्षी येऊ, असं दोघं म्हणत राहिली. ते वर्ष गेलं, त्याच्या पुढचंही गेलं. आईंनी घराजवळची एक रेंज शोधून काढली. तिथे हवेवर चालणारं पिस्तूल असतं. शाळकरी मुलांच्या रांगेत उभ्या राहून त्या आठवड्यातून दोनदा नेम धरतात. त्यांच्या प्रशिक्षकाने राघवला फोनवर सांगितलं की वयाच्या मानाने त्यांचा हात फार स्थिर आहे.

इथे रविवारची दुपार झाली की त्यांचा फोन येतो. २००९ उजाडलं तरी त्यात खंड नाही. परवा मी विचारलं, "तिथे बरं चाललंय ना, आई?"

"चाललंय की. पण ते पिस्तूल हातात काही म्हणतच नाही गं. गोळी गेली तरी हात तिथल्या तिथे. यांनी तो धक्का किती बेताचा करून दिला होता. तेवढा तरी हवा होता."

पलीकडे बाबांनी कुकरच्या शिट्ट्या मोजल्याचं ऐकू आलं.

"राघव आला का रेंजवरून?" आईंनी विचारलं. "त्याला दे. आज वारा कुठल्या बाजूचा होता, ते विचारायचंय."

मी राघवला हाक मारली.