सोनुनबुबूचा हात

सोनुनबुबूला लोकांनी नगरपरिषदेवर धाडलं ते एका फुटक्या नळामुळे. त्याआधी ती बालवाडीत स्वयंपाकीण होती. हिवाळ्यात नळ फुटून सगळ्या गल्लीचा बर्फ झाला आणि पाणीखात्याचा साहेब काही दाद देईना, तेव्हा ही बाई लापशीचा डाव हातात घेऊन त्याच्या कचेरीत जाऊन बसली.

"नळ नीट होईस्तोवर इथंच बसते. तुझ्या जेवणाचं मी बघीन, काळजी करू नको."

साहेबाने जेवायच्या आत माणसं पाठवली. पुढच्या निवडणुकीत लोकांनीच तिचं नाव पुढे केलं. नवरा जापारकुल बस चालवायचा. तो म्हणाला, "जा बाई. घरात माझ्यावर चालवतेस ते राज्य आता शहरावर चालव. मला जरा सुट्टी."

परिषदेत गेल्यावर तिला कळलं, तिथे डाव लागत नाही, हात लागतो. अध्यक्ष विषय वाचणार, "बाजूने कोण?" म्हणणार, की हात वर. सुरुवातीला ती विषय नीट समजून घ्यायची, शेजारच्याला खोदून खोदून विचारायची. मग पुन्हा निवडून आली, परत एकदा आली, आणि हाताला सवय झाली. पुढच्या रांगेतले हात उठले की हिचाही उठायचा, एकाची जांभई बघून दुसऱ्याला यावी तसा. रस्त्यावरचे दिवे, कचऱ्याची गाडी, बाजाराचं छप्पर. वाईट काही नव्हतं त्यात.

तसाच एकदा तंबूचा विषय आला. घरातलं माणूस गेलं की दारात बुरणुसाचा, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीचा, गोल तंबू उभा राहायचा, मग घर तिसऱ्या मजल्यावर का असेना. तंबू इमारतीच्या आवारात, मुलांच्या झोक्याशेजारी. मयत आत, बायका आत भिंतीकडे तोंड करून आकांत करणार, पुरुष बाहेर, पलीकडे चुलाणावर घोड्याचं मांस शिजणार. पण आवारात आता मोटारी झाल्या होत्या. एकदा अशाच तंबूमुळे रुग्णवाहिका अडकली. तेव्हा ठराव आला: आवारात तंबू नको, बस आगाराजवळच्या मैदानात लावा. सोनुनबुबूने हात वर केला. घरी येऊन तिने शेवया केल्या. जापारकुलने विचारलं, "आज काय केलंत?" ती म्हणाली, "काही नाही, तंबू हलवला."

नव्या नियमाची झळ पहिली बसली ती खालच्या मजल्यावरच्या बुरुलला. तिच्या म्हाताऱ्या आईचा तंबू आगाराजवळ लागला. बायकांनी आकांत केला, पण बसच्या भोंग्यांत तो कुणाला ऐकू आला नाही. त्यानंतर बुरुल जिन्यात भेटली की एवढंच म्हणायची, "एजे, हात दुखत नाही ना?"

एजे म्हणजे थोरली बहीण. सगळं शहर सोनुनबुबूला एजेच म्हणायचं. बुरुल म्हणायची तेव्हा ते टोचायचं.

जापारकुलचं स्वयंपाकघराच्या खिडकीवर फार प्रेम. तिथून शहराचं कब्रस्तान दिसतं, टेकडीवर. चहा पिता पिता तो म्हणायचा, "मला तिथे वरच्या अंगाला ठेव. तू चहा ओतशील तेव्हा मी दिसेन. साखर जास्त घातलीस तर वरून ओरडेन."

वसंतात एका सकाळी तो बूट घालायला वाकला आणि उठलाच नाही.

दुपारपर्यंत त्याचा धाकटा भाऊ एशेनकुल घाटापलीकडच्या गावाहून आला. आवारात शिरताना रीतीप्रमाणे मोठ्याने रडला, मग डोळे पुसून इकडेतिकडे पाहिलं.

"वहिनी, तंबू कुठाय?"

"आगाराजवळ लावायचा. तसा नियम आहे."

"आगारात? जन्मभर बस चालवली म्हणून माझा भाऊ काय बस आहे, आगारात लावायला?" तो म्हणाला. "इथे लावत असाल तर शहरातच पुरू. नाहीतर मी त्याला गावी नेतो, बापाशेजारी. तिथे कुणी विचारत नाही."

गाव लांब. तिथलं कब्रस्तान कुठल्याच खिडकीतून दिसत नाही. सोनुनबुबू कठड्याला धरून उभी होती. शेजारीपाजारी जमले होते. एकाने न सांगता आपली मोटार झोक्याजवळून काढून घेतली. दुसऱ्याने, तिसऱ्याने काढली. जागा मोकळी झाली. तेवढ्यात बुरुल आली, हाताला पीठ तसंच. मयताच्या घरी लागतात ते बोरसोक, पिठाचे छोटे गोळे, तळायला मळत होती.

"लाव तंबू," ती म्हणाली. "बघत काय बसलीस? कोण तक्रार करणार? मी? मी केली तर माझ्या तोंडावर थुंक."

"तुझ्या आईला नाही लावू दिला."

"ते मला ठाऊक आहे. तू लाव."

सोनुनबुबूने मोकळ्या जागेकडे पाहिलं. तिला वाटलं, आता काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही. "हात मी वर केला होता," ती म्हणाली. मग दिराला म्हणाली, "घेऊन जा."

बुरुल पीठ न धुताच गाडीत चढली.

गावात तंबू मोठा होता. सोनुनबुबू भिंतीकडे तोंड करून बसली. रीत म्हणजे विधवेने नवऱ्याचे गुण गात रडायचं. तिच्या तोंडून शब्द फुटेना. सासरच्या एका म्हातारीने कोपराने ढोसलं, "रड ग, लोक काय म्हणतील." तेव्हा शेजारून बुरुलने सूर लावला. असा लावला की बाहेरचे पुरुष गप्प झाले. पुरायला पुरुष गेले. बायकांनी जायचं नसतं. माती कुठे पडली ते सोनुनबुबूने पाहिलं नाही.

परतताना ती म्हणाली, "माझ्यासाठी एवढं रडलीस."

"तुझ्यासाठी कुठलं?" बुरुल म्हणाली. "आईचं राहिलं होतं."

शरदात परिषदेत ठराव आला: तंबूबंदी उठवावी. लोकांनीच रेटला होता. सगळ्यांना वाटलं, सगळ्यांत आधी एजेचा हात उठणार. अध्यक्ष म्हणाले, "बाजूने कोण?" हात उठले. "विरोधात?" दोनतीन उठले. सोनुनबुबू मेजावरच्या आपल्या हाताकडे बघत होती. बंदी उठली तर जापारकुल घाटापलीकडे गेला तो उगाच गेला. राहिली तर आणखी कुणाचा तरी असाच लांब जाईल. हात जड दगडासारखा पडून होता.

"एजे, तटस्थ का?" अध्यक्षांनी हळूच विचारलं. "तटस्थ असलात तरी हात वर करावा लागतो."

तिने केला नाही. शेवटी कारकुनाने तिला गैरहजर धरलं. ती समोर बसली होती, शाल पांघरून.

बंदी उठली. बर्फ पडायच्या आत पलीकडच्या जिन्यातला एक म्हातारा गेला आणि झोक्याजवळ तंबू उभा राहू लागला. सोनुनबुबू स्वयंपाकघरात चहा ओतत होती. टेकडीकडे तिने पाहिलं, तिथे तिचं कुणी नव्हतं. तिने किटली ठेवली, डोक्याला रुमाल बांधला आणि खाली उतरली.

"एजे, ही दोरी धर," बुरुल म्हणाली.

तिने धरली. वारा होता, तंबू ओढत होता. तिने दोन्ही हातांनी धरून ठेवली.